मुलांसाठी संगणक घेताना : पैसा कोठे घालावा, कोठे वाचवावा

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दहावी-बारावीचे निकाल लागले की लोणारसारख्या तालुक्याच्या गावी पुष्कळ घरांत एक विषय हमखास निघतो. मुलगा म्हणतो, "अब्बा, मला कॉम्प्युटर पाहिजे." कशाला, असे विचारले तर तो म्हणतो, "प्रोग्रामिंग शिकायला." त्याच्या मनात प्रोग्रामिंगइतकेच खेळही असतात, हे अब्बांना ठाऊक असते, आणि अब्बांना ते ठाऊक आहे, हे मुलालाही ठाऊक असते. मग एक तर विषय पुढच्या वर्षावर ढकलला जातो, किंवा कोणाच्या तरी सांगण्यावरून शहरातल्या दुकानात जाऊन लाल-निळे दिवे लावलेला डबा घरी आणला जातो. दोन्ही गोष्टींत नुकसान आहे. पहिल्यात मुलाचे वर्ष जाते, दुसऱ्यात बापाची कमाई. म्हणून मर्यादित पैशात, अभ्यासाला आणि खेळाला दोन्हीला चालेल असा टेबलावरचा संगणक कसा जुळवावा, याविषयी चार गोष्टी आपणांपुढे मांडावयाच्या आहेत.

प्रथम खेळाविषयी बोलू, कारण पालकांच्या मनातली अढी तेथेच असते. पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ आणि संगणकावरचे साधे खेळ या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. पैशाच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला, आणि ते योग्यच झाले. पण ज्यात पैसा लागत नाही, त्या खेळाकडे जरा कुतूहलाने पाहा. पडद्यावरचे चित्र सेकंदाला साठ वेळा नव्याने काढले जाते. म्हणजे एका चित्रासाठी यंत्राला एक-साठांश सेकंदच मिळतो. तेवढ्यात लाखो ठिपक्यांचा रंग ठरवावयाचा, चेंडू कोठे पडेल याचे गणित करावयाचे आणि सावली कोठे पडेल तेही पाहावयाचे. हे काम भराभर व्हावे म्हणून जी ग्राफिक्स कार्डे निघाली, त्यांतल्याच दोन साध्या खेळाच्या कार्डांवर २०१२ साली कॅनडातील संशोधकांनी चित्रे ओळखणारा 'अ‍ॅलेक्सनेट' हा कार्यक्रम शिकवून तयार केला. आज ज्या कृत्रिम बुद्धिमत्तेची सगळीकडे चर्चा आहे, तिच्या वाटचालीतला हा मोठा टप्पा होता. तेव्हा खेळ खेळणाऱ्या मुलाला "हा खेळ कसा बनवला असेल?" एवढे एकदा विचारा. 'गोडो' नावाचे खेळ बनविण्याचे साधन फुकट मिळते. खेळणारा मूल बनविणारा झाला, तर त्याची शाळा घरातच सुरू झाली असे समजा.

आपल्या लोकांना ही विद्या परकी वाटण्याचे काही कारण नाही. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी नावाचा गणिती होऊन गेला. हिंदुस्थानातले अंक वापरून हिशेब कसा करावा, यावर त्याने ग्रंथ लिहिला. त्याच्या नावावरून 'अल्गोरिदम' हा शब्द आला, आणि त्याच्या दुसऱ्या ग्रंथाच्या नावातील 'अल-जब्र' वरून 'अल्जिब्रा'. अलीकडचे उदाहरण आपल्या वऱ्हाडातलेच आहे. अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यात जन्मलेले डॉ. विजय भटकर पुण्याच्या सी-डॅक या संस्थेचे प्रमुख होते. हव्या त्या ताकदीचा महासंगणक अमेरिकेकडून मिळेना, तेव्हा या संस्थेने १९९१ साली 'परम ८०००' तयार केला. त्याची युक्ती अशी की, एकच अवाढव्य महाग प्रोसेसर घेण्याऐवजी बाजारात मिळणारे अनेक छोटे प्रोसेसर एकत्र जुंपून त्यांच्याकडून काम वाटून घ्यावयाचे. हाताशी असलेले सुटे भाग समजून-उमजून जुळविणे, हाच आजच्या आपल्या विषयाचाही गाभा आहे.

आता प्रत्यक्ष खरेदीकडे वळू. भाव रोज बदलतात, म्हणून आकडा सांगण्याऐवजी वाटणी सांगतो. संगणकासाठी शंभर रुपये काढून ठेवले आहेत असे धरा. त्यांतले साधारण २५ प्रोसेसरला, १४ मदरबोर्डला, १५ मेमरीला, ९ साठवणुकीच्या एसएसडीला, ८ वीज पुरविणाऱ्या एसएमपीएसला, ५ कॅबिनेटला, १४ मॉनिटरला, ३ कीबोर्ड-माऊसला आणि ७ यूपीएसला जावेत. या यादीत ग्राफिक्स कार्ड नाही, हे आपल्या लक्षात आले असेल. ते मुद्दाम सोडले आहे. कारण पुढे सांगतो.

प्रोसेसर हा संगणकाचा मेंदू. थोड्या पैशात ज्याच्या पोटातच चित्र काढण्याची बऱ्यापैकी ताकद आहे असा प्रोसेसर घ्यावा. एएमडीचा रायझन ५ ५६००जी हा याचा चांगला नमुना आहे. यात सहा गाभे आहेत, आणि निराळे कार्ड न लावता हलके-मध्यम खेळ यावर चालतात. याच जातीचा नवा भाऊ ८६००जी. तो जास्त जोमदार, पण त्याला महाग मदरबोर्ड आणि डीडीआर५ मेमरी लागते. इंटेलमध्ये आय३ १२१०० किंवा आय५ १२४०० प्रोग्रामिंगला उत्तम आहेत, मात्र त्यांच्या पोटातील चित्रशक्ती कमी असल्याने खेळ रखडतात. येथे एका अक्षराकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. इंटेलच्या नावापुढे 'एफ' असेल, तर त्या प्रोसेसरमध्ये चित्र काढण्याची सोयच नसते. तो स्वस्त मिळतो म्हणून घरी आणला आणि कार्ड घेतले नाही, तर पडदा काळाच राहतो.

मदरबोर्ड घेताना सांधा जुळतो की नाही ते पाहावे. ५६००जी ला एएम४ सांध्याचा बोर्ड लागतो. ८६००जी ला २०२२ साली आलेला एएम५. इंटेलच्या बाराव्या पिढीला एच६१० किंवा बी७६० चालतात. बोर्डावर मेमरीच्या किमान दोन खाचा हव्यात आणि एसएसडीसाठी एम.२ ची एक खाच हवी. जुना साठा असेल तर "या प्रोसेसरसाठी बायोस अद्ययावत आहे का?" असा प्रश्न दुकानदाराला विचारा, आणि शक्य असेल तर तेथेच सुरू करून दाखवावयास सांगा.

मेमरी १६ जीबी असावी. मोबाईलची अ‍ॅप्स बनविण्याचे 'अँड्रॉइड स्टुडिओ' उघडले आणि शेजारी ब्राउझर चालू ठेवला, की ८ जीबी अपुरी पडू लागते. आठ-आठच्या दोन पट्ट्या घेणे सोळाच्या एका पट्टीपेक्षा बरे. कारण पोटातील चित्रशक्ती हीच मेमरी वापरते, आणि दोन पट्ट्यांमुळे तिला दोन वाटांनी माहिती मिळते. एका विहिरीवर दोन मोटा चालाव्यात, तसे हे आहे. मात्र एक सावधगिरी सांगितली पाहिजे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांनी मेमरी उचलावयास सुरुवात केल्यामुळे २०२५ च्या अखेरीस जगभर मेमरीचे भाव एकदम चढले. आपण घेता त्या वेळी भाव चढे असतील, तर ८ जीबीची एकच पट्टी घेऊन सुरुवात करावी, दुसरी खाच मोकळी ठेवावी, आणि भाव उतरला की तशीच दुसरी पट्टी बसवावी. तोवर पायथॉन, सी आणि वेबपृष्ठे शिकण्यात काहीही अडत नाही; अडले तर खेळाचेच थोडेसे अडेल.

साठवणुकीसाठी ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी पुरते. जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क स्वस्तात जास्त जागा देते, पण विंडोज तिच्यावर ठेवले तर संगणक सुरू होईस्तोवर चहा होतो. सिनेमे-फोटो ठेवण्यापुरती ती पुढे घ्यावी.

आता ज्या भागाकडे सर्वांत कमी लक्ष जाते, त्याविषयी जरा सविस्तर बोलतो. तो भाग म्हणजे एसएमपीएस. दुकानात कॅबिनेटबरोबर "फुकट" मिळणाऱ्या डब्यावर ४५० वॅट असे ठसठशीत छापलेले असते. त्यावर विसंबू नका. बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिले आहेत ते वाचा, आणि बाराने गुणा. तेथे १६ असेल, तर १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट, एवढाच खरा जोर. कारण प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही १२ व्होल्टवर चालतात. चांगल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर तेथे ३६ च्या आसपास आकडा असतो, म्हणजे ४३२ वॅट. पाचवीच्या मुलाला येणारा हा गुणाकार आपले हजारो रुपये वाचवतो. कारण हलका एसएमपीएस जळताना कधीकधी एकटा जळत नाही. बोर्ड आणि डिस्क सोबत घेऊन जातो. '८० प्लस ब्राँझ' हा शिक्का असलेला, नामांकित कंपनीचा, ५५० वॅटचा घ्यावा. आज तो मोठा वाटेल, पण उद्या कार्ड बसवावयाचे झाल्यास बदलावा लागणार नाही.

याच्याच जोडीला घरातली वीज पाहावी. आपल्याकडे उन्हाळ्यात आणि पहिल्या पावसाच्या वादळात वीज जाते-येते, दाब कमी-अधिक होतो. म्हणून यूपीएस ही चैन नव्हे. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा भार पेलतो, आणि कार्ड नसलेल्या संगणकाला दहा-पंधरा मिनिटे देतो. ही मिनिटे खेळ संपविण्यासाठी नसून काम जतन करून यंत्र नीट बंद करण्यासाठी आहेत, हे मुलांनी ध्यानात ठेवावे. घरी इन्व्हर्टर असेल, तर त्याचे बटण 'यूपीएस'कडे ठेवावे, नाहीतर बदलाच्या क्षणी संगणक बंद पडतो. आणि सर्वांत महत्त्वाचे, संगणक लावण्यापूर्वी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. पुष्कळ जुन्या घरांत तिसरे भोक नुसते शोभेला असते. कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर तो यंत्राचा दोष नसून अर्थिंगचा आहे असे बहुधा निघते. विजेच्या बिलाची भीती मात्र बाळगू नका. असा संगणक मॉनिटरसह सरासरी १०० वॅट खाईल असे धरले, तर दहा तासांना एक युनिट होते.

दुसरा शत्रू उकाडा आणि धूळ. विदर्भाचा मे महिना आपणांस ठाऊक आहे. खोली २५ अंशांवरून ४२ अंशांवर गेली, की प्रोसेसरचे तापमानही साधारण तेवढ्याच सतरा अंशांनी वर चढते. ५६००जी ९५ अंशांच्या मर्यादेला पोचला, की स्वतःला सावरण्यासाठी गती कमी करतो, मुलगा म्हणतो "कॉम्प्युटर खराब झाला." म्हणून कॅबिनेट समोरून काचेने बंद केलेले घेऊ नये. पुढे जाळी, आत हवा घेणारा एक पंखा, मागे हवा टाकणारा एक पंखा, एवढे पुरे. दिव्यांचे पैसे वाचतील ते पंख्याला घाला. संगणक जमिनीवर ठेवू नका, भिंतीपासून वीतभर दूर ठेवा, आणि दर दोन-तीन महिन्यांनी धूळ उडवा. उडवताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे.

आता ग्राफिक्स कार्डाविषयी. ते आज घेऊ नये असे मी का म्हणतो? टेबलावरच्या संगणकाची खरी श्रीमंती ही आहे की तो टप्प्याटप्प्याने वाढवता येतो. लॅपटॉप एकदा घेतला की बहुतांशी तसाच राहतो. येथे मात्र पहिल्या वर्षी पाया घाला, दुसऱ्या वर्षी मेमरी वाढवा, तिसऱ्या वर्षी पैसे जमले आणि मुलाने काही करून दाखवले, तर आरटीएक्स ३०५० किंवा आरएक्स ६६०० अशा जातीचे ८ जीबीचे कार्ड बसवा. ही दोन्ही कार्डे सुमारे १३० वॅटची आहेत. आपला ५५० चा एसएमपीएस ती सहज पेलतो. कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यास करावयाचा असेल, तर एनव्हिडियाचे कार्ड बरे, कारण पुष्कळशी साधने त्याच्या 'कुडा' या व्यवस्थेवर लिहिलेली आहेत. तोवर शिकण्यापुरती अशी ताकद 'गुगल कोलॅब'वर काही मर्यादेत फुकट मिळते. पण वर्षभरात कार्ड घेण्याचे नक्की असेल, तर ५६००जी ऐवजी साधा ५६०० व कार्ड एकदमच घ्यावे. त्याची आतली जलद स्मृती दुप्पट असल्याने कार्डासोबत तो जास्त चालतो.

या टप्प्यांमुळे आणखी एक गोष्ट साधते. व्याजाने वस्तू घेणे आपल्यातील पुष्कळ घरांना पटत नाही. दुकानदार "बिनव्याजी हप्ता" सांगतो, तेव्हा रोखीचा भाव निराळा विचारावा. रोखीची सूट आणि हप्त्याचा प्रक्रिया-खर्च यांची बेरीज केली, की व्याज कोठे लपले आहे ते कळते. टप्प्याने घेतलेला संगणक कर्जावाचून घरी येतो, आणि प्रत्येक टप्प्याला मुलाच्या मेहनतीची अट जोडता येते.

पैसे फारच कमी असतील, तर कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेले डेल, एचपी, लेनोव्होचे जुने संगणक मिळतात. ते घेण्यास हरकत नाही, पण प्रोसेसरची पिढी विचारावी. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते. त्याहून जुना असल्यास त्यावर उबंटूसारखे लिनक्स घालावे. ते फुकट आहे, आणि प्रोग्रामिंग शिकणाऱ्याला ते कधीतरी शिकावेच लागते. सुट्या भागांत प्रोसेसर, कॅबिनेट, मॉनिटर जुने चालतात. एसएमपीएस आणि हार्ड डिस्क जुनी कधीच घेऊ नये.

खरेदीला छत्रपती संभाजीनगर, अकोला, की मुंबईचा लॅमिंग्टन रोड, की ऑनलाइन, हा ज्याच्या-त्याच्या सोयीचा प्रश्न. कोठूनही घ्या, प्रत्येक भागाची पक्की पावती घ्या. तिच्यावर भागाचे पूर्ण नाव आणि अनुक्रमांक असू द्या. "बिलाशिवाय स्वस्त देतो" या वाक्याची किंमत, भाग बिघडल्यावर वॉरंटी नाकारली जाते तेव्हा कळते. लोणारहून शहरात दुसरा हेलपाटा पडू नये, म्हणून घरून निघतानाच यादी लिहून न्या. दुकानदार म्हणाला, "हा नाही, पण असाच दुसरा आहे," तर चहा घ्या, मोबाईलवर त्या भागाची माहिती वाचा, मगच हो म्हणा.

भाग घरी आणल्यावर जोडणी मुलांनी स्वतः करावी, मोठ्यांनी शेजारी बसावे. प्लग काढलेला असावा, आधी लोखंडी वस्तूला स्पर्श करून अंगातली स्थिरवीज उतरवावी, प्रोसेसर दाबून बसवू नये. तो खुणेवर ठेवला की आपोआप बसतो. ज्याने यंत्र आतून पाहिले, त्याला त्याची भीती राहत नाही.

आणि पालकहो, एक गोष्ट आग्रहाने सांगतो. "मुलाचा कॉम्प्युटर" असे म्हणू नका. "घरचा कॉम्प्युटर" म्हणा. मुलाचा म्हटला की तो त्याच्या खोलीत जातो आणि बहिणीला विचारून, विनवून बसावे लागते. तो बैठकीच्या खोलीत ठेवा, प्रत्येकाचे निराळे खाते उघडा, वेळेची वाटणी भिंतीवर लिहा. ज्या मुलीला क्लाससाठी परगावी पाठवणे घरच्यांना जड जाते, तिच्यासाठी तर हे यंत्र घराचे दार न ओलांडता उघडलेले महाविद्यालय आहे. खेळाच्या तासाइतकाच तिच्या अभ्यासाचा तास पक्का असला पाहिजे.

शेवटी, विद्यार्थी मित्रांनो, एवढा खटाटोप करून घेतलेल्या यंत्रावर करावयाचे काय? उत्तर आपल्या गावातच आहे. उल्केच्या आघाताने बेसॉल्ट खडकात झालेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरातले आपले सरोवर पाहावयास जगातून अभ्यासक येतात. जून २०२० मध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले. खारटपणा वाढल्याने फोफावलेल्या सूक्ष्म जीवांमुळे हा रंग आला, असे तपासणीत आढळले. त्याच वर्षी ते रामसर यादीत गेले. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची छायाचित्रे कोणालाही फुकट उतरवून घेता येतात. पायथॉनच्या थोड्या ओळी लिहून दर महिन्याचे चित्र घ्या, पाण्याचा विस्तार मोजा, रंग केव्हा बदलला ते आलेखावर मांडा. किंवा उल्का किती वेगाने, कोणत्या कोनात येऊन आदळली तर किती मोठा खड्डा पडेल, याचा एक खेळ बनवा. त्या खेळात खेळही आहे, प्रोग्रामिंगही आहे आणि आपले लोणारही आहे. मी आज सांगितलेला संगणक या कामाला पुरून उरतो.

ज्यांच्या घरी तो लगेच येणे शक्य नाही, त्यांनी दोन-तीन घरे मिळून एक घ्यावा, किंवा शाळेच्या वाचनालयात एक असावा यासाठी संस्थेकडे मागणी करावी. पदाधिकारी येथे बसलेले आहेत. त्यांनी ते ऐकले असेलच.